नोएडा, हॅलिफॅक्स आणि कोथिंबिरीची जुडी

माझ्या मुलीने मला कॅनडाला न्यायचं ठरवलं, त्याला माझी हरकत नव्हती. माझी हरकत तिने पाठवलेल्या कोष्टकाला होती.

रुचिरा हॅलिफॅक्सला असते. जावई चिन्मय तिथे विमा कंपन्यांसाठी काही तरी सॉफ्टवेअर करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावलं आहे, चौथ्यांदा विचारायची आता लाज वाटते. प्रमोदिनी, म्हणजे माझी बायको, जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून रुचिराचा रोज फोन. सुरुवात "बाबा, जेवलात का?" आणि शेवट "बाबा, तिथे एकटे किती दिवस राहणार?" या दोन प्रश्नांच्या मधे आम्ही हवेबद्दल बोलतो. ऑक्टोबरात हवेबद्दल बोलण्यासारखं आमच्याकडे फार असतं, कारण ती दिसायला लागते.

एक दिवस तिने एका वेबसाइटचं पान पाठवलं. डावीकडे नोएडा, उजवीकडे हॅलिफॅक्स. मधे दूध, अंडी, केस कापणं, टॅक्सी. तळाशी 'राहणीमानाचा दर्जा' अशी एक ओळ. त्या ओळीत हॅलिफॅक्स आमच्या तिप्पट.

मी पान वरून खाली वाचलं आणि माझं डोकं फिरलं. दूध, एक लिटर. अहो, कुठलं दूध? टोन्ड की फुल क्रीम? थैलीतलं की डेअरीवरचं सुटं? कुठल्या दुकानातलं, कुठल्या तारखेचं? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे आकडे वाचकांनी स्वतः भरले आहेत. वाचकांनी! उद्या वाचक अपेंडिक्सचं ऑपरेशनही करतील.

मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत भाव गोळा करण्याचं काम केलं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून सकाळी स्कूटर काढायची, ठरलेल्या बाजारात जायचं, ठरलेल्या दुकानात ठरलेल्या वस्तूचा भाव विचारायचा, छापील तक्त्यात लिहायचा आणि पुढे जायचं. देशाची महागाई किती वाढली हे तुम्ही पेपरात वाचता ना, त्यातला वाटाण्याएवढा भाग माझा. आमच्या कामाचे दोन नियम होते. एक, घासाघीस करायची नाही, दुकानदार सांगेल तो भाव. दोन, ज्या दुकानात भाव विचारला तिथे खरेदी करायची नाही, नाहीतर दुकानदार ओळखीचा होतो आणि ओळखीचा भाव हा भावच नव्हे.

या दोन नियमांमुळे प्रमोदिनी होती तोवर मी कधी भाजी आणली नाही. एकदा प्रमोदिनीने भेंडी आणायला पाठवलं, तर मी सहा गाड्यांवरचे भाव लिहून घरी आलो. ती म्हणाली, "देशाची महागाई मोजता आणि घरी पाव किलो भेंडी आणता येत नाही. सरकारला कळलं तर पेन्शन थांबवतील."

तर मी रुचिराला सांगितलं, "हे कोष्टक मी मानत नाही. मी माझं करीन."

ती म्हणाली, "करा. पण मग बाबा, तुमचेच आकडे जे म्हणतील ते ऐकायचं. हॅलिफॅक्स चांगलं निघालं तर फ्लॅट विकायचा आणि यायचं. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. तीस नोव्हेंबर ही तारीख ठरली. ती तारीख अशासाठी की आमच्या सोसायटीचे अध्यक्ष भसीनजी यांच्या साडूंना माझा फ्लॅट हवा होता आणि त्यांना तोपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

भसीनजींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "गांवकरजी, सोचना क्या है? कनाडा तो जन्नत है जी! हवा साफ, पानी साफ, लोग साफ!" माझं आडनाव देऊळगावकर आहे, पण अकरा वर्षांत भसीनजींना पहिलं देऊळ कधी सापडलेलं नाही. ते स्वतः कॅनडाला गेले आहेत का, असं मी विचारलं. "जाना क्या है जी, आधा पंजाब वहीं है।"

खालच्या मजल्यावरचे दिनकरराव पुण्याचे. त्यांचं मत उलट. "अहो देऊळगावकर, वेडे झालात काय? उणे पंधरा तापमान! नाकातला श्वास नाकात गोठतो. माझ्या मेहुण्याचा कान गेला." कान कसा गेला, हे त्यांनी नीट सांगितलं नाही. त्यांची बायको कल्पनावहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कान जागेवर आहे त्याचा! तुमची गाडी देऊळगावकरांच्या पार्किंगमध्ये उभी असते, ते सांगा की आधी!" दिनकररावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

असा निष्पक्ष सल्ला मिळाल्यावर मी कामाला लागलो.

आधी परवानगी. तुम्ही म्हणाल, स्वतःच्या घरखर्चाची पाहणी करायला परवानगी कशाला? पण बत्तीस वर्षांची सवय, अर्जाशिवाय मला चालताच येत नाही. मी सोसायटीच्या ऑफिसात अर्ज दिला: 'विषय: भाव-सर्वेक्षणास परवानगी मिळण्याबाबत.' मॅनेजरने तो दोनदा वाचला. कोणी काही न मागता अर्ज देतो, हे त्याच्या पाहण्यात नव्हतं. त्याला संशय आला. त्याने आधारची प्रत, दोन फोटो आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र मागितलं. घरमालक मीच. मग मी मला हरकत नसल्याचं पत्र मला लिहिलं, प्रत ऑफिसला दिली. त्यावर शिक्का मारायला भसीनजी हवेत, आणि भसीनजी लग्नाला लुधियानाला. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी एकही भाव विचारला नाही. नियम म्हणजे नियम.

शिक्का मिळाल्यावर मंगळवारच्या आठवडी बाजाराला निघालो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात क्लिपबोर्ड. गळ्यात सोसायटीचं नवं ओळखपत्र, कारण मॅनेजरने दिलंच होतं. पहिल्याच गाडीवर मी नोकरीतल्या आवाजात विचारलं, "टमाटर का भाव बताइए। कौन सी क्वालिटी? आज कितना माल आया?"

गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. क्लिपबोर्डकडे पाहिलं. ओळखपत्राकडे पाहिलं. मग मान वळवून असा ओरडला की सेक्टरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं, "चेकिंग आ गई!"

पुढे जे झालं ते मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. ताडपत्र्या खाली आल्या, बल्ब विझले, टोपल्या उचलल्या गेल्या. कांदे, बनियन, प्लॅस्टिकचे मग, सगळं एका दिशेने पळायला लागलं. एक बाई चप्पल घालून बघत होत्या, त्यांच्या एका पायात नवी चप्पल राहिली आणि त्यांची स्वतःची जुनी दुकानाबरोबर गेली. त्या लंगडत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाई साब, चेकिंग करनी थी तो पाँच मिनट बाद कर लेते!" मी त्यांना समजावू लागलो की मी निवृत्त आहे. त्या म्हणाल्या, "तो घर बैठिए ना!"

पाच मिनिटांत रस्ता रिकामा. मी, एक कुत्रा आणि फुटलेला एक टोमॅटो. तक्त्यात मी लिहिलं: 'भाव उपलब्ध नाही. कारण: बाजार निघून गेला.'

घरी येऊन विचार केला, की अनोळखी बाजार राहू दे, ज्यांच्याकडून आपण रोज घेतो तेच भाव धरू. प्रमोदिनी गेल्यापासून मला भाजी घ्यावीच लागते. गेटवर धीरजची गाडी असते. तिथे मी फक्त वस्तूचं नाव सांगतो, तो तोलतो, मी पैसे देतो आणि घरी आल्यावर सवयीने दर पाच तारखेला भाव वहीत लिहितो. एवढं चौदा महिन्यांचं आयतं साहित्य घरात असताना मी बाजार पळवत फिरलो, याची मला लाज वाटली.

वही उघडली आणि मी खुर्चीत ताठ बसलो. टोमॅटो चौदा महिने वीस रुपये. भेंडी तीस. कांदा पंचवीस. कोथिंबीर फुकट, भाजीवर टाकून. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीचा दर नगाला पाच रुपये, तोही हलला नव्हता. आमच्या गेटवर चौदा महिन्यांत महागाई शून्य!

आता हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. लक्षात आलं होतं. पण पेपरात टोमॅटो ऐंशी रुपये छापून आले की मी म्हणायचो, यांनी सॅम्पल चुकीचं घेतलं. दिनकरराव महागाईबद्दल कुरकुरले की मी त्यांना ऐकवायचो, "आकडे बघा, दिनकरराव. भावनेने बोलू नका."

तिकडे हॅलिफॅक्सला चिन्मयला मी माझा छापील तक्ता ईमेल केला होता. बिचारा प्रामाणिक. शनिवारी सुपरमार्केटमध्ये गेला, चाळीस वस्तूंचे भाव लिहिले आणि नियम दोन प्रमाणे काही न घेता बाहेर निघाला. दारावरच्या माणसाने त्याला थांबवलं. चिन्मय म्हणाला, "बाबा, मी त्याला सांगितलं की माझ्या सासऱ्यांसाठी आहे. तो म्हणाला, माझेही सासरे आहेत, जा तू." मग त्याने मला विचारलं, "इस्त्रीचा रकाना काय भरू? इथे कोणी कपडे इस्त्रीच करत नाही." मी म्हटलं, "उपलब्ध नाही, लिहा." कोथिंबीर, एक जुडी: एक डॉलर नव्व्याण्णव. मी ते रुपयात केलं आणि पुन्हा केलं. सव्वाशेच्या आसपास. सव्वाशे रुपयांची कोथिंबीर आपण आमटीवर टाकत नाही, आमटीतून काढून जपून ठेवतो.

दर्जाच्या रकान्यांत मात्र मी बेइमानी केली नाही. हवा: हॅलिफॅक्स उत्तम, नोएडा लिहायची सोय नाही. खोकला: नोएडा, एक नग, सततचा. शांतता: हॅलिफॅक्स भरपूर. त्यावर चिन्मयचा शेरा होता, 'जरा जास्तच.' पण भावात आम्ही इतके पुढे होतो की एकूण बेरजेत नोएडा जिंकत होतं. मला इतका आनंद झाला की मी उठून चहा केला, आणि सवयीने दोन कप केला. दुसराही मीच प्यायलो.

इथे मी थांबायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी भसीनजींनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की या देशात जगणं परवडत नाही, शहाणी माणसं बाहेर चालली आहेत. खाली माझं नाव आणि हात जोडलेले. माझा व्यावसायिक अभिमान जागा झाला. मी अख्खा तक्ता ग्रुपवर टाकला. 'स्रोत: धीरज, गेट क्रमांक दोन.'

सकाळी गेटवरचा आवाज सातव्या मजल्यावर ऐकू आला. खाली गेलो तर धीरजच्या गाडीभोवती तीस-चाळीस माणसं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर माझा तक्ता.

"बीस रुपये टमाटर! हमसे सत्तर लेता है!"

"मुझसे अस्सी लिए कल!"

"और धनिया के दस रुपये अलग से!"

कल्पनावहिनी सगळ्यांच्या पुढे. "काय हो देऊळगावकर, तुम्ही काय याचे जावई लागता?"

भसीनजी दोन्ही हात वर करून उभे होते. "शांति रखिए! आज से यह गाड़ी बंद। आदमी देखकर रेट लगाता है। ऐसा आदमी गेट पर नहीं चलेगा।"

धीरज गाडीच्या मागे उभा होता, टोमॅटोवर पाणी मारत. तो बारा वर्षं या गेटवर आहे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. एखादा माणूस दुसऱ्याचं गुपित सांभाळतो आणि तो दुसराच येऊन ते चावडीवर वाचतो, तेव्हा जसं बघेल तसं.

कोणाच्या पोटावर पाय येईल असा आकडा मी बत्तीस वर्षांत कधी लिहिला नव्हता. मी पुढे होऊन म्हटलं, "धीरज, सच बताओ। मुझसे कम क्यों लेते हो? मेरी पत्नी नहीं रही, इसलिए? दया करते हो?"

"दया काहे की साहब," धीरज म्हणाला. "सौदा है।"

"कैसा सौदा? मैंने तो कभी सौदा किया ही नहीं।"

"आपको आता कहाँ है," धीरज म्हणाला, आणि तेवढ्यातही चार जण हसले. "आंटीजी कर गई हैं। नौ साल हमसे एक-एक रुपये पर लड़ीं। फिर बीमार हुईं, तो एक दिन जो बोला वो दे दिया। हम तो घबरा गए। दूसरे दिन भी लड़ीं नहीं, तीसरे दिन भी नहीं। हमने पूछा, आंटीजी, नाराज़ हो? बोलीं, नहीं, मोलभाव जमा कर रही हूँ। साहब को करना नहीं आता, जो माँगोगे दे देंगे। मेरा जितना बचता है, उनके लिए रखो, और उनसे यही रेट लेना। छह महीने जमा किया साहब। गिन के।"

कोपऱ्यावरून इस्त्रीवाली ओरडली, "हमारे यहाँ भी! पाँच रुपये नग!"

मला बोलायचं होतं, पण खोकला आला. हवा वाईटच होती. कल्पनावहिनींनी पदराने डोळे पुसले आणि लगेच धीरजला दरडावलं, "ठीक है, ठीक है, पण मेरे से अस्सी क्यों? सत्तर लगा!" त्याबरोबर सगळ्यांना कंठ फुटला आणि पुढची वीस मिनिटं अशी घासाघीस झाली की प्रमोदिनीला ऐकून बरं वाटलं असतं. धीरज पासष्टवर आला. भसीनजींनीही दोन किलो घेतले. गाडी बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण घरी सौ. भसीन यांनी कोबी मागवला होता.

गर्दी पांगल्यावर मी गाडीपाशी थांबलो. म्हटलं, "धीरज, अब पैंसठ लो।"

"बीस।"

"जमा खत्म हो गया होगा अब तक। पचास लो।"

"नहीं हुआ। बीस।"

"कितना बचा है? बताओ।"

"वो हमारा और आंटीजी का हिसाब है साहब। आप बीच में मत पड़ो।"

"चालीस!"

"बीस!"

आयुष्यातली ही माझी पहिली घासाघीस, आणि ती मी उलट्या बाजूने करत होतो. तरीही हरलो.

संध्याकाळी रुचिराचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. नियमाप्रमाणे ओळखीचा भाव बाद होतो, म्हणून नोएडाचा भावांचा जवळजवळ सगळा रकाना मी लाल पेनाने खोडला होता. उरली फक्त हवा आणि खोकला. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती हसायला लागली. "आई ना! मला म्हणाली होती, तुझे बाबा भाजीवाल्याकडून लुटले जातील, मी बंदोबस्त केलाय. मला वाटलं, बाई लावली असेल."

"तर तक्त्याप्रमाणे हॅलिफॅक्स जिंकलं," मी म्हटलं. "प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस."

"बाबा," ती म्हणाली, "रकानाच खोडलाय तर जिंकलं कसं? तुम्हीच सांगा, साहेब."

बत्तीस वर्षांत प्रथमच कोणी माझी चूक माझ्याच नियमाने काढली. मी ती मान्य केली. हवेपुरतं हॅलिफॅक्स जिंकलं होतं, म्हणून हवा वाईट असते तेवढे तीन महिने, डिसेंबर ते फेब्रुवारी, तिकडे जायचं ठरलं. उरलेले नऊ महिने इथे. फ्लॅट विकायचा नाही. दिनकररावांना पार्किंग वापरत राहा म्हणून कळवलं, त्यांनी मेहुण्याचा कान पूर्ण बरा झाल्याचं सांगितलं. भसीनजींनी साडूंना दुसरा फ्लॅट दाखवला आणि मला लिफ्टमध्ये म्हणाले, "अच्छा किया जी। तीन महीने बर्फ में? वहाँ तो आदमी जम जाता है।"

निघायच्या आदल्या सकाळी धीरजला सांगायला गेलो की तीन महिने नसेन. तो म्हणाला, "ठीक है साहब, जमा रहेगा।" मी पाव किलो भेंडी घेतली. त्याने वर कोथिंबिरीची एक जुडी टाकली, दोन मिरच्या टाकल्या.

घरी येऊन तक्ता पुरा केला. कोथिंबिरीची एकच ओळ मी खोडली नव्हती, कारण नोएडाकडे तिथे भावच नव्हता. हॅलिफॅक्स: एक डॉलर नव्व्याण्णव. नोएडाच्या रकान्यात मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी लिहिलं: 'माल घेतला. भाव विचारला नाही.'